अंधेरीतलं टेबल आणि खडकीचं काडतूस

खडकीच्या कारखान्यातलं काडतूस बुडावरून ओळखता येतं. पितळेच्या गोल तळावर ‘केएफ’ ही अक्षरं उठवलेली असतात. कारखाना १८६९ सालचा, इंग्रजांनी पुण्याच्या छावणीशेजारी काढलेला. २०२१च्या ऑक्टोबरात आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झालं, त्याच्या सात कंपन्या झाल्या आणि दारूगोळ्याचे कारखाने ‘म्युनिशन्स इंडिया’ या कंपनीकडे गेले. तिचं मुख्यालयही पुण्यातच आहे. बारा बोअरच्या बंदुकीचं ‘शक्तिमान’ काडतूस जुन्या शिकाऱ्यांच्या तोंडी असायचं, तेही खडकीचंच.

बार उडाल्यावर या काडतुसाचं काय उरतं? काडतुसात मुळात चार वस्तू असतात: पितळेची नळी, तिच्या बुडातली ठिणगी पाडणारी टोपी, दारू आणि गोळी. टोपी फुटते, दारू जळते, गोळी निघून जाते. हाती राहते ती कोमट पितळी नळी. काडतुसात सगळ्यात महाग भाग बहुधा तोच असतो. ती उचलून पुन्हा भरावी, हा विचार म्हणूनच धातूच्या काडतुसाइतकाच जुना आहे. अमेरिकेत या कामाने घरगुती छंदाचं रूप घेतलं. फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी काढलेली ‘आरसीबीएस’ आणि रिचर्ड ली यांनी १९५८ साली विस्कॉन्सिनमध्ये सुरू केलेली ‘ली’ या कंपन्या याच छंदावर वाढल्या. तिथे गॅरेजमध्ये जड लाकडी टेबल असतं, त्याला बोल्टने आवळलेला हातदाबाचा प्रेस असतो, शेजारी तराजू आणि व्हर्नियर. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाने शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये असं टेबल पाहिलं असेल, तर त्याला त्यात सुतारकामापेक्षा वेगळं काही वाटलं नसणार.

पितळ पुन्हा वापरता येतं, याचं कारण त्याच्या स्वभावात आहे. सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त असलेलं हे पितळ बाराच्या दाबाने क्षणभर फुगतं, बंदुकीच्या घराला घट्ट चिकटून मागे येणारा वायू अडवतं आणि दाब उतरताच किंचित आक्रसून मोकळं होतं. पण दर खेपेला ते थोडं ताणलं जातं आणि कडक होत जातं. पुण्याच्या तांबट आळीत ठोके घालून हंडा घडवताना कारागीर पत्रा मधूनमधून भट्टीत लाल करतो, नाहीतर तो ठोक्यांनी कडक होऊन चिरतो. काडतुसाच्या गळ्याचंही तसंच होतं. चिरलेल्या नळीतून हजारो पौंडांच्या दाबाचा वायू नेमबाजाच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर सुटतो. पुनर्भरणाची खरी जोखीम इथे आहे. दारूचं माप चुकलं, एका नळीत ते दोनदा पडलं किंवा अजिबात पडलं नाही, तर बंदूकच फुटू शकते. कारखान्यात ही चूक पकडायला यंत्रं असतात आणि नमुने काढून दाब मोजणारी प्रयोगशाळा असते. घरी एकटा माणूस असतो, आणि त्याचं लक्ष.

आता हे टेबल अंधेरीत आणून पाहू.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या दुसऱ्या कलमात दारूगोळ्याची व्याख्या आहे. ती वाचताना मी एका जागी थांबलो. काडतूस, त्याचे भार, त्याचे सुटे भाग एवढ्यावर ती संपत नाही. दारूगोळा तयार करण्याची यंत्रसामग्रीही कायद्याने दारूगोळ्यातच मोजली आहे. म्हणजे अमेरिकेत हार्डवेअरच्या दुकानाशेजारी मिळणारा तो प्रेस आपल्याकडे काडतुसाच्याच रांगेत बसतो. पाचवं कलम सांगतं की परवान्याशिवाय शस्त्र वा दारूगोळा कोणी बनवू नये. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे बनवण्याचा परवाना नव्हे, हे परवानाधारकांपैकीही अनेकांच्या लक्षात नसतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगाला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. त्याआधी ही शिक्षा तीन ते सात वर्षांची होती.

याच कायद्यात पंचेचाळिसावं कलम आहे, आणि त्यातली समजूतदारी मला मनापासून आवडते. शस्त्राचा किंवा दारूगोळ्याचा एखादा किरकोळ भाग कोणी बाळगला आणि त्याच्या जोडीचे भाग त्याने किंवा इतर कोणी मिळवून ते एकत्र वापरायचा इरादा नसेल, तर त्याला हा कायदा लागू होत नाही. पदक मिळालं त्या दिवशीची रिकामी नळी शोकेसमध्ये ठेवणारी खेळाडू यात सुटते. त्याच नळीशेजारी टोप्या, दारू आणि प्रेस आले, की इरादा टेबलावरच मांडलेला असतो. सहारचा विमानतळ अंधेरीच्या हद्दीला लागून असल्यामुळे या भागातल्या वकिलांना हा मुद्दा चांगला परिचयाचा आहे. बॅगेच्या कप्प्यात विसरलेलं एखादं काडतूस एक्स-रेमध्ये दिसतं आणि प्रवासी पोलिस ठाण्यात पोहोचतो. ताबा जाणीवपूर्वक होता का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १९७२च्या गुणवंतलाल खटल्यात आणि १९९४ साली संजय दत्त खटल्यात तपासला आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी मुंबईची इमारत हे टेबल सोसू शकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या दोन खोल्यांच्या भिंतीपलीकडे दुसऱ्याचं स्वयंपाकघर असतं. खाली गॅसची वाहिनी, जिन्यात मीटरची पेटी आणि वर झोपलेली म्हातारी माणसं. स्फोटकं दाट वस्तीत आली की काय होतं, हे या शहराने १४ एप्रिल १९४४ रोजी गोदीत पाहिलं आहे. ‘फोर्ट स्टिकिन’ या बोटीत कापसाच्या गाठींबरोबर सुमारे चौदाशे टन स्फोटकं होती. आग लागली, दोन प्रचंड स्फोट झाले, शेकडो माणसं गेली. देशाचा अग्निशमन दिन त्या तारखेलाच पाळला जातो. एका घरातल्या डब्याची त्या बोटीशी तुलना होऊ शकत नाही हे खरं; पण स्फोटकं कुठे आणि कोणाशेजारी ठेवावीत याचे नियम अशाच अनुभवांतून कडक होत गेले. त्या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संघटनेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे.

मग अंधेरीतल्या नेमबाजाच्या घरी टेबल नसतंच का? असतं, आणि ते पाहण्यासारखं असतं.

आमच्या भागातली एक कॉलेजातली मुलगी दहा मीटर एअर रायफल खेळते. तिच्या खोलीत खिडकीखाली एक फॉर्मायकाचं टेबल आहे. त्यावर पेलेटचे गोल पत्र्याचे डबे, घड्याळजीकडे असतो तसा डोळ्याला लावायचा भिंगाचा चष्मा, चिमटा आणि सोनाराकडच्यासारखा छोटा डिजिटल काटा. एअर रायफलचं पेलेट साडेचार मिलिमीटरचं, वजनाला जेमतेम अर्धा ग्रॅम, कमरेत बारीक आणि मागून पोकळ. ती एकेक पेलेट चिमट्याने उचलते, मागची पातळ कड प्रकाशासमोर फिरवते आणि चेपलेलं निघालं की वेगळ्या वाटीत टाकते. “काका, ही वाटी वॉर्मअपची,” तिने मला सांगितलं. “आणि या डब्यातली मॅचची. डबे एकमेकांत मिसळायचे नाहीत.” डब्यांवर ४.४९, ४.५० असे आकडे होते. पेलेटच्या डोक्याच्या व्यासात एक शतांश मिलिमीटरचा फरक पडला तरी एखाद्या रायफलीला तो मानवतो आणि दुसरीला मानवत नाही. लक्ष्याच्या मधोमधचा दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो, हे एकदा ध्यानात आलं की ही चिकाटी कशासाठी ते कळतं.

या टेबलाला परवाना लागत नाही. वीस ज्यूलपर्यंतची आणि साडेचार मिलिमीटर नळीची हवेची बंदूक २०१६च्या नव्या व्यवस्थेत परवान्यातून मुक्त आहे, आणि स्पर्धेच्या रायफलीची ताकद तर त्याच्या निम्म्याहूनही कमी असते. तरी घरात ती पेलेट उडवत नाही. तिचा सराव ‘ड्राय’ असतो. दारापासून गॅलरीपर्यंतचं अंतर दहा मीटर भरत नाही, म्हणून लक्ष्य त्या प्रमाणात लहान करून भिंतीवर लावलेलं आहे. रायफल उचलायची, श्वास सोडायचा, घोडा दाबायचा, रायफल खाली घ्यायची. नळीला लावलेलं ‘स्कॅट’ नावाचं यंत्र तिच्या हाताचा कंप संगणकावर रेघांनी काढून दाखवतं. पेलेट उडतात ते वरळीच्या रेंजवर.

एका गोष्टीची काळजी मात्र या टेबलावरही घ्यावी लागते. पेलेट शिशाचं असतं. बोटांना लागलेलं काळं शिसं पोह्यांच्या बशीत गेलं तर ते शरीरात साठतं, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा अपाय सगळ्यात जास्त. तिची आई त्या टेबलावर खाण्याची वस्तू ठेवू देत नाही आणि लेकीला उठल्यावर साबणाने हात धुवायला लावते. काडतुसं भरणाऱ्यांना हा धोका कैक पटींनी मोठा, कारण जळलेल्या टोपीतही शिशाची संयुगं असतात आणि नळ्या साफ करताना त्यांची धूळ उडते. युरोपीय संघाने २०२३च्या फेब्रुवारीपासून पाणथळ जागी शिशाच्या छऱ्यांवर बंदी घातली, ती पाणपक्ष्यांसाठी. माणसाच्या घराबद्दल तितकी चर्चा होत नाही.

पन्नास मीटरच्या रायफलीकडे वळलं की पुनर्भरणाचा प्रश्नच मिटतो. तिथे चालतं ते ‘पॉइंट टू-टू’ काडतूस, आणि त्यात टोपी वेगळी नसते. ठिणगीचं रसायन बुडाच्या घडीतच पसरलेलं असतं. घोडा दाबला की आतली पिन ती घडी चेपते आणि काडतुसाची नळी निकामी होते. ऑलिंपिकच्या रायफल-पिस्तुलांच्या सगळ्या स्पर्धा हवेच्या बंदुकांवर किंवा या ‘टू-टू’वर चालतात. म्हणजे आपल्या मुलांना पदकासाठी जे हवं ते घरी भरताच येत नाही; ते विकत घ्यावं लागतं, बहुतेक परदेशातून. निवडीचं सगळं कसब खरेदीच्या आधी लागतं. रायफल शिकंज्यात आवळून एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्या पन्नास मीटरवर झाडतात आणि कोणत्या लॉटची भोकं सर्वांत जवळजवळ पडतात ते पाहतात. एकाच कंपनीची, एकाच नावाची, पण वेगळ्या दिवशी भरलेली काडतुसं एकाच रायफलीतून वेगळी वागतात. आवडलेला लॉट संपण्याआधी हवा तेवढा घेऊन ठेवायला पैसे लागतात, आणि परवान्यावर तेवढी संख्या असावी लागते.

इथे आपल्याकडच्या घरांनी फार सोसलं आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं. त्याच्या वडिलांनी मुलाच्या गोळ्यांसाठी कर्ज काढलं होतं, हे त्यानंतर सगळ्यांनी वाचलं. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः अथेन्स ऑलिंपिक खेळलेल्या. त्यांच्या पिढीतल्या अंजली भागवत मुंबईच्या कीर्ती कॉलेजातून, एनसीसीच्या वाटेने वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनपर्यंत पोहोचल्या आणि २००० साली सिडनीत अंतिम फेरी गाठणाऱ्या पहिल्या भारतीय महिला नेमबाज ठरल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये पन्नास मीटर प्रोनच्या विश्वविजेत्या झाल्या. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोत विश्वविजेता झाला. एवढी परंपरा ज्या राज्यात आहे, तिथल्या नव्या मुलाला काडतुसं मोजून सराव करावा लागतो, याचं मला वाईट वाटतं.

म्हणून माझं म्हणणं असं. ज्या प्रकारांत पुनर्भरण खरोखर उपयोगी आहे, म्हणजे तीनशे मीटर आणि मोठ्या बोअरच्या रायफली, त्यांच्यासाठी एक टेबल असावं. पण ते रेंजवर असावं. संघटनेच्या नावाने परवाना, पक्क्या भिंतीची वेगळी खोली, प्रशिक्षित माणूस, आलेल्या आणि गेलेल्या प्रत्येक नळीची वहीत नोंद. ब्रिटनने २००६च्या कायद्याने टोप्यांची विक्री फक्त अधिकृत धारकांपुरती ठेवली आणि छंदही चालू राहू दिला. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवर नव्या खेळाडूला त्यांच्याच नावाची स्पर्धा खेळावी लागते. कायदा घडवणाऱ्या सभागृहाचा प्रमुख आणि नेमबाजांच्या संघटनेचा प्रमुख एकच होता, ही आठवण सरकारदरबारी हा विषय मांडणाऱ्यांनी बरोबर ठेवावी.

घरी दारू भरण्याची एक मराठी परंपरा मात्र कायद्याने मान्य केलेली आहे, आणि ती शहरात कोणाला ठाऊक नसते. कोकणातली ठासणीची बंदूक. तिला काडतूसच नसतं. नळीच्या तोंडातून दारू आणि छरे घालून गजाने ठासायचे, मागे केप बसवायची. पीकसंरक्षणासाठी अशी बंदूक मागणाऱ्याचा विचार तेराव्या कलमात वेगळा केलेला आहे. भात, काजू, नारळ यांवर माकडं आणि रानडुकरं उतरली की एका बारानेच कळप पांगतो. निवडणूक लागली की या बंदुका ठाण्यात जमा करायला सांगतात, आणि नेमकं पीक तयार असेल तर शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. बंदुकीचा आणि धाकाचा संबंध शहरात जोडला जातो, तसा तो या माणसांशी जोडू नये असं मला वाटतं.

अंधेरी-पार्ल्याच्या जुन्या घरांत अजून एक गोष्ट निघते. आजोबा शिकारीला जायचे. बंदूक कधीच विकली गेली, पण कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात चार-सहा काडतुसं राहून गेली. घर पुनर्विकासाला जाताना ती सापडतात. ती खोलून पाहू नयेत, कचऱ्यात टाकू नयेत, गावी नेऊन उडवूही नयेत. परवाना संपल्यामुळे किंवा धारक वारल्यामुळे ताबा बेकायदेशीर झाला, तर वस्तू विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, असं एकविसावं कलम सांगतं. जाण्याआधी ठाण्यात फोन करावा, आजोबांच्या परवान्याची प्रत असेल तर सोबत घ्यावी आणि जमा केल्याची पावती मागून घ्यावी.