दोष मनगटाचाच असेल असं नाही

श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. पण ती सोलण्यासारख्या, हात सतत पिळावा लागणाऱ्या कामात अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या आल्या, की सगळे मनगटालाच दोष देतात. पण या बोटांकडे जाणारी मीडियन नस कोपराच्या जरा खाली, तळहात पालथा करणाऱ्या स्नायूच्या दोन मुळांमधून जाते. स्नायू जाडावला, ताठरला की ती तिथेच चेपते. मग तळव्याचा अंगठ्याकडचा भागही बधिरतो. मनगटातल्या दाबात तो सहसा वाचतो, कारण त्या भागाकडे जाणारी नसेची शाखा मनगटाआधीच फुटलेली असते. नसेची विद्युत-तपासणी इथे पुष्कळदा निर्दोष येते. डॉक्टरांनी हात चाचपून पाहणंच अधिक मोलाचं. आधी विश्रांती, फिजिओथेरपी. महिनोन्महिने फरक नाहीच पडला, तर शस्त्रक्रिया. जोरात रगडून घेणं मात्र नको! पकड ढिली पडू लागली, तर लगेच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.