घरातील ध्वनिमुद्रण : खोली, कान आणि यंत्रे

ग्रामोफोन कंपनीचे फ्रेडरिक गाइसबर्ग १९०२ त आपली यंत्रे घेऊन कलकत्त्यास आले आणि गौहरजान यांचे गाणे त्यांनी तबकडीवर उतरवून घेतले. त्या काळी गवयाला कर्ण्याच्या तोंडाशी तोंड नेऊन मोठ्याने गावे लागे आणि राग सुमारे तीन मिनिटांत आटोपावा लागे. यंत्राला जे झेपेल तेवढेच गाणे, असा तो व्यवहार होता. १९२५ पासून विजेवर चालणारे मुद्रण आले, पुढे फीत आली, १९८२ त कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. आणि आज दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातही संगणक, एक मायक्रोफोन आणि एक लहानशी पेटी एवढ्या सामग्रीवर तासाभराची मैफल टिपून ठेवता येते. वेळेचे बंधन गेले, खर्चही पुष्कळ उतरला.

मात्र बंधन गेले तशी जबाबदारी आली. पूर्वी मुद्रणशाळेतील जाणकार जे सांभाळीत, ते आता गृहस्थानेच सांभाळावयाचे आहे. घरी मुद्रण करणारे बहुतेक लोक दोन हेतूंनी करतात : आपला रियाज आपणच ऐकून सुधारावा, किंवा वयोवृद्ध गुरूंकडील बंदिशी त्यांच्याच गळ्यातून जपून ठेवाव्यात. दोन्ही ठिकाणी खोटे मुद्रण हे मुद्रण नसण्यापेक्षा वाईट. पहिल्यात शिष्य नसलेला दोष सुधारू पाहतो. दुसऱ्यात पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला मूळ गळा कसा होता हे विचारावयास कोणी उरलेले नसते. म्हणून ‘कोणते यंत्र घ्यावे?’ ह्या प्रश्नाआधी ‘यंत्रापुढे आपण काय ठेवणार?’ हा प्रश्न आला पाहिजे. आमचे सांगणे थोडक्यात असे की, आधी खोली, मग मायक्रोफोनची जागा आणि शेवटी यंत्राची किंमत, ह्या क्रमाने विचार करावा. बाजार नेमका उलटा क्रम शिकवतो.

खोली हे पहिले यंत्र

१८९५ त हार्वर्ड विद्यापीठाने एका नव्या व्याख्यानगृहाची तक्रार वॉलेस सबाइन ह्या तरुण प्राध्यापकाकडे सोपविली. त्या दालनात उच्चारलेला शब्द पाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही आणि व्याख्यान कळेनासे होई. सबाइन यांनी जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणून दालनात मांडल्या आणि किती गाद्यांनी निनाद किती घटतो ते मोजले. त्यातून जो नियम निघाला तो सोपा आहे : खोलीचे घनफळ घनमीटरांत घ्यावे, त्याला ०.१६ ने गुणावे आणि खोलीतील एकूण शोषणाने भागावे. निनादाचा काळ सेकंदांत मिळतो. शोषण चौरस मीटरांत मोजतात. पडलेला सगळा आवाज गिळून टाकणारी एक चौरस मीटर जागा म्हणजे एक माप.

आपल्या घरातील बारा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोली घ्या. घनफळ सुमारे ३४ घनमीटर. भिंती गिलाव्याच्या, जमीन फरशीची. दोन माणसे आणि एक कपाट धरूनही शोषण तीनच्या आसपास. निनाद निघतो सुमारे १.८ सेकंद. अशा खोलीत द्रुत तानेचा प्रत्येक स्वर मागच्या स्वरांच्या सावलीत सापडतो. आता जाड सतरंजी अंथरली, दोन भिंतींवर भिंतीपासून चार बोटे सोडून गोधड्या टांगल्या, पुस्तकांची मांडणी उघडी ठेवली आणि गादी उभी केली, तर शोषण बारापर्यंत नेता येते आणि निनाद अर्ध्या सेकंदाखाली उतरतो. लहान खोलीत हा हिशेब ढोबळच असतो. तरी दिशा तो बरोबर दाखवतो आणि त्याला खर्च जवळजवळ नाही.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला अंड्यांच्या पुठ्ठ्यांचा. आवाज शोषण्यास वस्तूला जाडी लागते, कारण खर्जाच्या लाटा लांब असतात. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी सुमारे साडेतीन मीटर भरते. पातळ पुठ्ठा किंवा बोटभर स्पंज तिला जाणवतसुद्धा नाही. तो फक्त वरचे सूक्ष्म ध्वनी खातो आणि खोली मंद, घुमी करून सोडतो. दुसरा गैरसमज असा की गोधडी बाहेरचा गोंगाट अडवते. आतला आवाज शोषणे आणि बाहेरचा आवाज रोखणे ह्या निराळ्या गोष्टी आहेत. रोखण्यास वजनदार भिंत आणि फट नसलेले दार लागते. ते भाड्याच्या घरात होण्यासारखे नाही. तेथे उपाय वेळेचा. पहाटे बसावे, पंखा आणि फ्रिज तेवढ्यापुरते बंद करावेत, दाराखालच्या फटीत चादर कोंबावी.

खोलीची मापेही बोलतात. बारा फुटांच्या लांबीत सुमारे ४७ हर्ट्झचा आणि दहा फुटांत सुमारे ५६ हर्ट्झचा स्वर, तसेच त्यांच्या पटीतील स्वर, अवाजवी फुगतात. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या सुमारास असतो आणि डग्ग्याची घुमकही त्याच टापूत. तेव्हा चौकोनी ठोकळ्यासारख्या खोलीपेक्षा लांबट खोली बरी. कोपऱ्यात किंवा अगदी मध्यावर बसू नये; हातभर सरकून पाहावे. फरक लगेच ऐकू येतो.

मायक्रोफोन आणि त्याची जागा

मायक्रोफोनच्या दोन जाती घरी उपयोगाच्या. डायनॅमिक जातीत पडद्याला जोडलेले तारेचे वेटोळे चुंबकाजवळ हलते; हा दणकट, कमी संवेदनशील, आणि म्हणून घुमणाऱ्या खोलीत थोडा सोयीचा. कंडेन्सर जातीत पातळ पडदा आणि धातूची चकती यांतील अंतर बदलते. त्याला बहुधा ४८ व्होल्ट वीज बाहेरून पुरवावी लागते, पण तानपुऱ्याचे बारीक स्वयंभू स्वर तोच नीट टिपतो. शांत, गोधड्या लावलेली खोली असेल तर कंडेन्सर घ्यावा. रहदारीवरची खोली असेल तर डायनॅमिक. महागडा कंडेन्सर वाईट खोलीतील दोष दुरुस्त करीत नाही, ते अधिक स्पष्ट करून दाखवतो.

अंतराचा नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मायक्रोफोन निम्म्या अंतरावर आणला की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो. खोलीचा निनाद मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणजे जवळ आणणे हीच निनाद कमी करण्याची युक्ती. पण एकाच दिशेने ऐकणारा मायक्रोफोन फार जवळ आला की खर्ज फुगवतो आणि बारीक गळाही भारदस्त भासू लागतो. गायनासाठी एक ते दीड फूट अंतर, आणि मायक्रोफोन ओठांच्या समोर नव्हे तर थोडा वर किंवा बाजूस, हे चांगले मध्यममान. तसे केले म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ ह्या अक्षरांचा वारा त्यावर आपटत नाही.

तबल्यासाठी दोन्ही भांड्यांच्या मधोमध, दीड-दोन फूट वर मायक्रोफोन धरावा. सी. व्ही. रामन यांनी १९२० च्या सुमारास दाखवून दिले की शाईच्या भारामुळे आपल्या चर्मवाद्यांचे उपस्वर एकमेकांशी सुसंवादी होतात आणि म्हणूनच तबला सुरात लागतो. मायक्रोफोन चाटेला चिकटवला तर आघातच ऐकू येतो, हा सूर हरवतो. तानपुऱ्याचेही तसेच. वक्र घोडी आणि जवारीचा दोरा यांमुळे जे उपस्वर उमलतात त्यांना मिसळावयास थोडे अंतर लागते. घोडीच्या दिशेने दीड-दोन फूट पुरे. दोन मायक्रोफोन वापरलेच तर त्यांच्यामधील अंतर, प्रत्येकाचे आपल्या वाद्यापासून जे अंतर असेल त्याच्या किमान तिप्पट ठेवावे. नाहीतर एकच आवाज दोन वेळा, किंचित मागेपुढे पोचतो आणि स्वर पोकळ होतो.

मधली पेटी, पातळी आणि ऐकण्याची साधने

मायक्रोफोनची वीज अंकांत रूपांतरित करणाऱ्या पेटीस ऑडिओ इंटरफेस म्हणतात. एकट्या गायकास दोन तोंडांचा इंटरफेस पुरतो. मुद्रण २४ बिट आणि ४८,००० नमुने प्रतिसेकंद ह्या मापाने करावे. त्यापलीकडच्या आकड्यांसाठी घरी पैसे मोजण्याचे कारण नाही. पातळी मात्र जपावी. अंकांच्या मुद्रणात शून्य डेसिबल ही छपराची मर्यादा. तिच्यावर गेलेल्या लाटेचा माथा कापला जातो आणि तो पुन्हा जोडता येत नाही. गवयाला तार सप्तकातील सर्वांत जोरकस जागा आधी गावयास सांगावी आणि काटा उणे १२ च्या आसपास थांबेल असे करावे. आलाप त्यामानाने हळू दिसेल. दिसू द्यावा, तो मागाहून सुखाने वाढविता येतो.

संगणकातून फिरून आलेला आपलाच आवाज कानांत उशिरा पोचतो, ही दुसरी अडचण. २५६ नमुन्यांचा साठा ठेवला तर एका बाजूचाच उशीर पाच मिलिसेकंदांहून अधिक, १०२४ ठेवला तर एकवीस. एवढ्यानेही लय डळमळते. म्हणून इंटरफेसमधूनच थेट ऐकण्याची सोय असेल तीच घ्यावी. मुद्रण चालू असता कान पूर्ण झाकणारे बंद हेडफोन वापरावेत, म्हणजे त्यांतील तानपुरा मायक्रोफोनमध्ये गळत नाही. मागाहून पारख करावयास दोन लहान स्पीकर आणि आपण मिळून समभुज त्रिकोण व्हावा, आणि त्यांचे वरचे तोंड कानांच्या उंचीवर असावे.

दुरुस्तीची मर्यादा आणि जतन

संगणकावर गोंगाट पुसणारी आणि सूर ‘सुधारणारी’ साधने हाताशी असतात. आमच्या मते अभिजात संगीतात ती जवळजवळ बंद ठेवावीत. गोंगाट पुसणारे साधन तानपुऱ्याची सततची गुंज हाच गोंगाट समजून खाऊ लागते. सूर सुधारणारे साधन सप्तकाचे बारा समान भाग धरते. पण षड्जाच्या उपस्वरांतून उमटणारा शुद्ध गंधार त्या मोजणीपेक्षा सुमारे चौदा सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या भागाइतका, खाली असतो. दरबारीचा आंदोलित गंधार आणि कोणतीही मींड त्या यंत्राच्या लेखी चूकच ठरते. ज्या साधनाला श्रुती म्हणजे चूक वाटते, त्याच्या हाती गुरूचा गळा देऊ नये.

शेवटची गोष्ट जतनाची. मूळ मुद्रण न आवळलेल्या वेव्ह स्वरूपात ठेवावे. वरील मापाने दोन वाहिन्यांच्या एका तासाला सुमारे एक गिगाबाइट जागा लागते. तीन प्रती कराव्यात, दोन निराळ्या जातीच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या घरी. प्रत्येकीबरोबर गायकाचे नाव, राग, ताल, षड्ज, बंदीश कोणाकडून आली आणि तारीख, एवढे लिहून ठेवावे. ज्यांना आता मुद्रण करावयाचे आहे त्यांनी दुकानात जाण्याआधी आपल्या खोलीत उभे राहून एक टाळी वाजवावी आणि ती किती वेळ ऐकू येते ते पाहावे. गोधड्या टांगून झाल्यावर पुन्हा वाजवावी. मग यादी करावी. ती बरीच लहान झालेली असेल.