रट-एट्रा: ओळी वाकवणारे यंत्र

व्हिडिओत गोष्ट नसली की तिथे काहीही चालते, असा एक पक्का समज आहे. तो तपासायला १९७०च्या दशकातले एक अमेरिकन यंत्र चांगले आहे. स्टीव्ह रट आणि बिल एट्रा या दोघांनी ते बनवले, म्हणून नाव रट-एट्रा स्कॅन प्रोसेसर. जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये अख्खे चित्र एका क्षणी कधी नसतेच. इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे ओळी ओढत खाली उतरतो. अमेरिकन टीव्हीत अशा ५२५ ओळींची एक फ्रेम आणि सेकंदाला सुमारे ३० फ्रेमा. झोत कुठे वळणार हे व्होल्टेजवर ठरते, आणि रट-एट्राने नेमका तिथेच हात घातला. चित्राचा उजेडच ओळीला वर ढकलू लागला की उजळ गाल, कपाळ उंच उठतात आणि सपाट चेहऱ्यावर डोंगरउतार दिसू लागतात. यंत्राच्या छोट्या पडद्यावर उमटलेले हे रूप दुसऱ्या कॅमेऱ्याने पुन्हा टिपायचे. थोडा जुगाडच, पण कलावंताने नॉब फिरवला की फळ त्याच क्षणी समोर.

यंत्राचा कस लागला तो स्टाइना आणि वुडी वासुल्का या दांपत्याच्या हाती. स्टाइना आइसलँडच्या, व्हायोलिनचे रीतसर शिक्षण घेतलेल्या. त्यांच्या ‘व्हायोलिन पॉवर’ या कृष्णधवल व्हिडिओत आधी त्या सरळ व्हायोलिन वाजवताना दिसतात. पुढे त्याच वादनाचा आवाज चित्राच्या ओळींना जोडला जातो. गज तारेवर फिरला की ओळी थरथरतात. वाद्य, हात, चेहरा सगळेच त्या थरथरीत वाकते. कथानक नाही, पण कार्यकारणभाव आहे, आणि तो कथेतल्यापेक्षा कडक आहे. कथेत योगायोग खपून जातो. इथे ओळ हलली तर तिच्यामागचा आवाज कानावर यावाच लागतो.

यावर आक्षेप असा की हे सारे यंत्रच करते, कलावंत फक्त नॉब फिरवतो. त्या काळातल्या बऱ्याच व्हिडिओंबाबत हे खरे आहे. नव्या खेळण्याचा आनंद त्यांत कलेपेक्षा जास्त दिसतो. पण ‘व्हायोलिन पॉवर’मध्ये साधे वादन आधी आणि वाकलेले चित्र नंतर येते, हा क्रम यंत्राने ठरवलेला नाही. आधी कारण ओळखीचे करून द्यायचे, मग परिणाम दाखवायचा, ही रचना कलावंताची. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पुढे काय होणार ही उत्सुकताच नसेल तर प्रेक्षकाने थांबायचे कशासाठी? वुडींच्या १९७४च्या ‘सी-ट्रेंड’मध्ये याचे उत्तर सापडते. तिथे रस्त्यावरच्या वाहतुकीचे चित्र पिळून पार अनोळखी केले आहे. वाहनांचा आवाज मात्र ओळखता येतो. कान रस्त्यावर असतात आणि डोळे त्या आवाजाची गाडी शोधत राहतात. उत्सुकता उरतेच, फक्त तिचा रोख घटनेवरून दिसण्याच्या क्रियेवर जातो. आवाज आणि चित्र दोन्ही एकदम पिळून काढले असते, तर शोधायला काही उरले नसते आणि आक्षेप घेणारे बरोबर ठरले असते.