पुन्हा विकता येण्याचा हक्क

न्यू जर्सीतल्या गेमस्टॉप या व्हिडिओ गेमच्या दुकानाच्या काउंटरवर जुना गेम आला, की तिथला मुलगा डबी उघडतो, डिस्क कडांना धरून दिव्याखाली तिरकी करतो आणि फक्त चकचकीत बाजू न्याहाळतो. मधून कडेकडे गेलेला ओरखडा एकवेळ चालतो. गोलाकार ओरखडा वाईट, कारण लेझरला त्या वाटेवरची माहिती सलग बराच वेळ वाचता येत नाही. डीव्हीडीत माहितीचा थर साधारण ०.६ मिलिमीटर आत असतो, त्यामुळे वरचा भाग घासून डिस्क वाचवता येते. ब्लू-रेमध्ये तो थर जेमतेम ०.१ मिलिमीटरवर असतो. तिथे घासायला जागाच नाही.

मग बारकोड. पडद्यावर येणारा भाव गेमच्या गुणांवर ठरत नाही. गेम अजून किती जणांना हवा आहे आणि दुकानात किती प्रती पडून आहेत, यावर ठरतो. दरवर्षी अमेरिकन फुटबॉलचा नवा ‘मॅडन’ आला, की मागच्या वर्षीच्याला फारसं कुणी विचारत नाही. रोख घेतली तर पैसे कमी, स्टोअर क्रेडिट घेतलं तर जास्त. मी पाहिलेली बहुतेक मुलं क्रेडिटच घेत आणि तिथल्या तिथे दुसरा गेम निवडत.

याच देवघेवीवर हा धंदा वाढला. मिनेसोटातून निघालेली फंकोलँड ही दुकानसाखळी वापरलेल्या गेम कार्ट्रिजवर उभी राहिली. तिथे भावांची छापील यादी मिळे आणि घेण्याआधी गेम खेळून बघता येई. २००० साली बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्या कंपनीने ती १६ कोटी १५ लाख डॉलरला घेतली. पुढे तिच्या दुकानांवर गेमस्टॉपची पाटी लागली. भरभराटीच्या वर्षांत गेमस्टॉपला नव्या गेमवर शंभरामागे वीसेक डॉलर सुटत, जुन्यावर पंचेचाळीसच्या वर.

या नफ्याखाली कायद्याचा पाया होता. एकदा विकलेल्या पुस्तकाच्या पुढच्या विक्रीचा भाव प्रकाशकाला ठरवता येणार नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली दिला. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुनी क्रमिक पुस्तकं विकून नवी घेणारा विद्यार्थी हाच हक्क वापरत असतो.

२०१३ साली मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन या गेमयंत्रावर जुन्या गेमसाठी बंधनं जाहीर केली. खेळणारे इतके संतापले, की काही दिवसांतच ती मागे घ्यावी लागली. पण डाउनलोडने तेच काम गाजावाजा न करता केलं. २०२० साली प्लेस्टेशन ५ ची डिस्कची खाचच नसलेली आवृत्तीही बाजारात आली. ती घेणाऱ्याकडे काउंटरवर आणायला वस्तूच उरली नाही. त्याआधीच, २०१८–१९ च्या आर्थिक वर्षात गेमस्टॉपला ६७ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. जानेवारी २०२१ मध्ये सट्ट्याच्या लाटेत तिचा शेअर ४८३ डॉलरपर्यंत चढला, तरी त्यामुळे गिऱ्हाईक परतलं नाही. दुकानं बंद होतच राहिली.

साखळ्या येतात, जातात. मला खंत आहे ती हक्क गेल्याची. साठ डॉलर एकदम काढू न शकणारं पोर तीन जुने गेम देऊन चौथा घेत असे. आता त्याच्या खात्यातले डाउनलोड केलेले गेम त्याला ना विकता येतात, ना मित्राला देता येतात. कॅलिफोर्नियात २०२५ पासून विक्रेत्याला निदान हे सांगावं लागतं, की ग्राहक फक्त परवाना घेतो आहे. तेवढं पुरेसं नाही. कुणाच्या खात्यात कोणता गेम आहे, याची नोंद कंपन्यांकडे असतेच. ती एका नावावरून दुसऱ्या नावावर करण्याची सोय त्यांनी द्यायलाच हवी.