लघवीतलं प्रथिन मोजण्याआधी

यंत्र भारी असलं की आकडा खरा येतो, हा लघवीतल्या प्रथिनांबाबतचा सगळ्यात पक्का गैरसमज. आकडा बहुतेक वेळा बिघडतो तो नमुना यंत्रापर्यंत पोचण्याआधी. माढा तालुक्यातल्या टेंभुर्णीचंच घ्या. पुणे–सोलापूर महामार्गावरचं, उसाच्या पट्ट्यातलं हे गाव. इथून सोलापूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्वदेक किलोमीटर, पुण्यातल्या मोठ्या प्रयोगशाळा दीडशेहून अधिक, आणि उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर. मूत्रपिंडाच्या संशोधनाला अशाच भागातले नमुने हवेत. मध्य अमेरिकेतल्या ऊसमजुरांमध्ये मधुमेह किंवा रक्तदाब नसतानाही मूत्रपिंड निकामी होण्याचा आजार नोंदला गेला आहे; उन्हातले कष्ट हे त्याचं एक संशयित कारण. इथल्या ऊसतोड कामगारांबाबत तोच प्रश्न विचारायचा, तर आधी नमुना शाबूत ठेवता आला पाहिजे.

लघवीत प्रथिन दिसलं म्हणजे मूत्रपिंड गेलं, असंही नाही. निरोगी माणसाच्या लघवीतून दिवसाला १५० मिलिग्रॅमपर्यंत प्रथिन जातंच. त्यातलं सर्वाधिक असतं युरोमोड्युलिन. ते रक्तातून गळत नाही, मूत्रपिंडच ते तयार करतं. १९५० मध्ये टॅम आणि हॉर्सफॉल यांनी त्याचं वर्णन केलं. संशोधकाची खरी अडचण होते ती याच प्रथिनामुळे. थंडीत आणि क्षारांच्या सान्निध्यात त्याचे लांब धागे एकमेकांत गुंततात. फ्रीजमधून काढलेली नळी उजेडात धरली, तर तळाशी पांढुरका, कापसासारखा थर दिसतो. त्यात युरेट आणि फॉस्फेटचे कणही असतात. हा गाळ म्हणजे घाण, असं समजून नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची आणि वरचं स्वच्छ पाणी तेवढं घ्यायचं, ही चूक सहज होते. त्या गाळाबरोबर युरोमोड्युलिन जातं आणि त्याच्या जाळ्यात अडकलेली इतर प्रथिनंही जातात. फिरवायचं ते ताज्या नमुन्याला, गोठवण्याआधी: गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट बलाने दहा मिनिटं, म्हणजे पेशी खाली बसतात. त्या राहिल्या तर गोठताना फुटतात आणि त्यांच्या पोटातली प्रथिनं नमुन्यात मिसळतात. नंतर वितळवलेली नळी मात्र पूर्ण वितळू द्यायची, कोमट होऊ द्यायची, गाळ पुन्हा एकजीव होईपर्यंत हलवायची आणि मगच त्यातून थेंब घ्यायचा.

फ्रीजरमध्ये ठेवलं की काळजी मिटली, हेही अर्धंच खरं. उणे २० अंशांवर महिनोन्‌महिने ठेवलेल्या नमुन्यात अल्ब्युमिन कमी भरू शकतं. दीर्घ साठवणीला उणे ८० अंशच हवेत. नमुना आधीच छोट्या नळ्यांत वाटून ठेवावा, कारण दर वेळी वितळवण्या-गोठवण्यात नुकसान होतं. प्रथिनं तुटू नयेत म्हणून महागडी रसायनं घालावीच लागतात, असं काही जण मानतात. पण लघवी बाहेर येण्याआधी मूत्राशयात ३७ अंशांवर कित्येक तास थांबलेलीच असते. जे तुटायचं ते बरंचसं तिथेच तुटलेलं असतं. खरा धोका बाहेर वाढणाऱ्या जिवाणूंचा. ते युरियापासून अमोनिया करतात, लघवी अल्कधर्मी होते, आणि मग तपासणीची रंगीत पट्टी प्रथिन नसतानाही हिरवी पडू शकते. त्यावर उपाय बर्फाची पेटी, आणि तो टेंभुर्णीतही परवडतो.

चोवीस तासांची लघवी गोळा केल्याशिवाय मोजमाप खोटं, असा आक्षेप जुने लोक घेतात. तत्त्वतः तो बरोबर आहे. पण फडात राबणाऱ्या माणसाने दिवसभर डबा सांभाळायचा, तर एखादी वेळ चुकणारच, आणि अपुरा संग्रह हा एकाच नमुन्यापेक्षा वाईट. सकाळच्या लघवीचा मधला भाग घेऊन त्यातल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण काढलं, तर पाणी कमी-जास्त प्यायल्याचा फरक बराचसा निघून जातो. ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी, हे सामान्य. मात्र क्रिएटिनिन स्नायूंवर ठरतं, त्यामुळे काटकुळ्या म्हातारीचं प्रमाण उगाच चढं दिसू शकतं; वय आणि वजन नोंदवायलाच हवं. आणि तोडणीवरून नुकत्याच परतलेल्या माणसाचा नमुना नको. जड श्रमाने प्रथिन काही काळ वाढतं.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे: सगळ्या नमुन्यांना सारखीच वागणूक दिली, तर चुका एकमेकींना खोडून काढतील, मग एवढा काथ्याकूट कशाला? पण वागणूक सारखी नसतेच. पुण्यातला नमुना अर्ध्या तासात फिरवून गोठतो, टेंभुर्णीचा गाडीतून चार-पाच तासांनी पोचतो. मग प्रथिनांत जो फरक निघेल तो शहर आणि गाव यांच्या मूत्रपिंडांतला, की महामार्गावर गेलेल्या वेळेतला, हे कुठलंही यंत्र सांगणार नाही. तेव्हा एकतर छोटं सेंट्रिफ्यूज गावात न्यावं, नाहीतर पुण्याचे नमुनेही मुद्दाम तेवढेच तास बर्फात थांबवावेत. आणि प्रत्येक नळीवर लघवी कधी घेतली, कधी फिरवली, कधी गोठवली, या तिन्ही वेळा लिहाव्यात.