पालीवर आळ

शाळेच्या खिचडीत पाल सापडली की दुसऱ्या दिवशीचा मथळा ठरलेला: 'पालीमुळे विषबाधा'. नांदेड-लातूरकडच्या घरांत दुधात पाल पडली तर अख्खं पातेलं उकिरड्यावर जातं. दूध टाकावंच, पण पाल विषारी आहे म्हणून नव्हे. भिंतीवरची पाल, कुंपणावरचा सरडा, परसातली सापसुरळी यांच्यापैकी कुणाकडेही माणसाला मारेल असं विष नाही. विषारी दंशासाठी नाव काढावं असा जिला मॉन्स्टर राहतो अमेरिकेच्या नैऋत्य वाळवंटात आणि मेक्सिकोत. घोरपडीच्या जबड्यातल्या ग्रंथी विषाच्या आहेत का, यावरून शास्त्रज्ञांत 2006 पासून वाद आहे. ती चावलीच, तर खरी काळजी खोल जखमेची आणि धनुर्वाताची.

मग पोरं आजारी का पडतात? पालीच्या आतड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात आणि तिच्या विष्ठेतून ते उघड्या भांड्यात पडतात. पण चांगल्या उकळीत ते मरतात, आणि पोटात गेले तरी त्रास सुरू व्हायला साधारण 6 तास ते 3 दिवस लागतात. पंगत उठायच्या आत मुलं ओकायला लागली, तर तो साल्मोनेला नव्हे. शिजवून तासन्‌तास कोमट ठेवलेल्या भातात बॅसिलस सेरियस हा दुसराच जिवाणू विष तयार करतो. भात पुन्हा गरम केला तरी ते जात नाही, आणि उलट्या अर्ध्या तासातही सुरू होतात. शिवाय ताटात पाल पाहून एकाला मळमळलं की रांगेतल्या दहाजणांना मळमळतं. फेब्रुवारी 2024 मध्ये लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीत एकादशीची भगर-आमटी खाऊन सुमारे 2 हजार लोक आजारी पडले. त्यासाठी पाल लागली नाही. पाल सापडली की मात्र चौकशी तिच्यापाशीच थांबते; भात कधी शिजला, पाणी कुठलं, हे विचारायचं राहून जातं.

दुसरी गफलत थेट जिवावरची. रात्री जमिनीवर झोपलेल्याला काहीतरी चावतं, खूण बारीक, सूज नाही, वेदना नाही. घरचे म्हणतात, "पाल असंल, झोप." मण्यारीचा दंश नेमका असाच असतो. काही तासांनी पोटात दुखतं, पापण्या जड होतात, जीभ अडखळते, मग श्वास अडकतो. पालींच्या मागावर घरात शिरणारा कवड्या साप बिनविषारी, पण दिसायला मण्यारीसारखा. अंधारात ओळख पटवण्याच्या भानगडीत पडू नये, सरळ दवाखाना गाठावा. सर्पविषावरची लस सरकारी दवाखान्यात मिळते. नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख वैद्यकीय संस्था आहे. जवळचं ग्रामीण रुग्णालय त्याआधी लागतं. तिथे 24 तास नजरेखाली ठेवतील. पालच चावली असेल, तर दुसऱ्या दिवशी घरी सोडतील.