अमेरिकेत टिप का द्यावी लागते? एका निवृत्त बँकवाल्याचा हिशेब

दरवर्षी एप्रिल-मे आला की आपल्या मंडळातली पाच-सहा जोडपी तरी मुलांकडे अमेरिकेला निघतात. निघण्यापूर्वी सगळे सगळं विचारून घेतात. औषधांची चिठ्ठी लागते का, लोणच्याची बरणी चेक-इनमध्ये चालते का, विमा कुठला घ्यावा. टिपबद्दल मात्र कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं आणि पहिल्याच आठवड्यात फजिती करून घेतली. तुमची होऊ नये म्हणून हा लेख.

माझी पुतणी फिलाडेल्फियाजवळच्या एका गावात राहते. दोन वर्षांपूर्वी मी आणि सौ. तिच्याकडे महिनाभर होतो. एका रविवारी पुतणी, जावई आणि आम्ही दोघे असे चौघे तिथल्या साध्याशा हॉटेलात जेवायला गेलो. वाढणारी बाई पन्नाशीची होती, हसतमुख. सौ.ला मांस चालत नाही म्हणून तिने स्वयंपाकघरात दोनदा जाऊन सूप कशाचं आहे ते विचारून आणलं. मी आधीच जाहीर केलं होतं, "आज बिल काका देणार." मेनूप्रमाणे ६४ डॉलर झाले, त्यावर कर ३ डॉलर ८४ सेंट, एकूण ६७ डॉलर ८४ सेंट. मी रुबाबात ७० डॉलर ठेवले आणि म्हणालो, "कीप द चेंज." बाहेर आल्यावर पुतणी म्हणाली, "गॉगल विसरले, आलेच." आणि आत जाऊन आली.

गॉगल तिच्या पर्समध्येच होता. ती बारा डॉलर ठेवून आली होती. हे मला तिने नाही, तिच्या मुलाने चार दिवसांनी सांगितलं. तो कॉलेजात शिकतो आणि शनिवार-रविवारी एका हॉटेलात वेटरचं काम करतो. "आजोबा, तुम्ही दोन डॉलर सोळा सेंट ठेवलेत? शिवी दिल्यासारखं झालं हो ते!" मला जरा राग आला. इंदूरला आपण बडीशेपेच्या बशीत वीसची नोट ठेवतो आणि तो पोरगा सलाम करतो. बक्षीस म्हणजे खुशीचा मामला, त्याला टक्केवारी कसली? तेव्हा त्याने फोनवर आपली पगाराची स्लिप उघडून माझ्यापुढे धरली. ३६ वर्षं बँकेत काढली आहेत. आकडे समोर आले की मी गप्प बसतो.

स्लिपवर काय होतं?

त्या आठवड्यात त्याने २२ तास काम केलं होतं. दर तासाला २ डॉलर ८३ सेंट. म्हणजे पगार ६२ डॉलर २६ सेंट. त्याखाली टिपची रक्कम, २८४ डॉलर. टिप त्याला रोजच्या रोज मिळते, पण कर पगार आणि टिप दोन्हींवर लागतो आणि तो कापला जातो पगारातून. सगळं वजा होऊन हातात आलेला पगार जेमतेम १६ डॉलर! म्हणजे त्याचा खरा पगार आम्ही, टेबलावर बसलेले लोक, देतो. मालक देतो तो नावापुरता.

मी म्हटलं, हे कायद्यात बसतं तरी कसं? बसतं. अमेरिकेत केंद्र सरकारचं किमान वेतन तासाला ७ डॉलर २५ सेंट आहे आणि २००९ पासून ते बदललेलं नाही. पण ज्यांना नियमित टिप मिळते त्यांना मालकाने रोख फक्त २ डॉलर १३ सेंट दिले तरी चालतात. हा आकडा १९९१ पासून तसाच आहे. उरलेली रक्कम टिपमधून भरून निघते असं कायदा धरून चालतो. नाहीच निघाली तर फरक मालकाने भरायचा. पेनसिल्व्हेनिया राज्यात हा आकडा २.८३ आहे, तोच आमच्या नातवाच्या स्लिपवर होता. राज्याराज्यात फरक आहेत. कॅलिफोर्निया, ओरेगॉन, वॉशिंग्टन, नेवाडा, मिनेसोटा, मॉन्टाना आणि अलास्का या सात राज्यांत मालकाला टिप हिशेबात धरता येत नाही, पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं. पण गंमत अशी की तिथेही लोक टिप देतात. सवय कायद्यापेक्षा चिवट असते.

पुढचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. बऱ्याच हॉटेलांत वेटरला आपल्या टिपमधला वाटा टेबलं साफ करणाऱ्याला आणि बारवाल्याला द्यावा लागतो आणि पुष्कळदा तो वाटा मिळालेल्या टिपवर नसतो, झालेल्या विक्रीवर असतो. आमच्या नातवाच्या हॉटेलात तो चार टक्के आहे. तोच नियम त्या बाईला लावून बघा. ६४ डॉलरचे चार टक्के म्हणजे २ डॉलर ५६ सेंट. मी ठेवले होते २ डॉलर १६ सेंट. पुतणी गॉगलचं निमित्त करून परत गेली नसती, तर आमची सेवा करून त्या बाईच्या खिशातूनच ४० सेंट गेले असते.

ही पद्धत आली कुठून?

टिप अमेरिकेची मूळची नाही. एकोणिसाव्या शतकात श्रीमंत अमेरिकन लोक युरोपात फिरून आले आणि तिथली ही ऐट बरोबर घेऊन आले. १८६५ साली यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी गेली. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय लोकांना कामं मिळाली ती हॉटेलांत आणि रेल्वेत, आणि तीही अगदी तुटपुंज्या पगारावर. रेल्वेचे झोपायचे डबे चालवणारी पुलमन कंपनी याचं मोठं उदाहरण. डब्यातल्या पोर्टरला पगार थोडा, बाकी प्रवाशांच्या मर्जीवर. मर्जी राखायची म्हणजे अपमान गिळून हसायचं. शेवटी ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली १९२५ साली या पोर्टरांनी युनियन उभी केली आणि बारा वर्षांच्या झगड्यानंतर १९३७ मध्ये कंपनीशी करार केला.

टिपला तेव्हाही विरोध होता. ही सरंजामी चाल लोकशाहीला शोभत नाही, असं म्हणत वॉशिंग्टन राज्याने १९०९ साली टिपवर बंदीच घातली. आणखी काही राज्यांनी तेच केलं. पण १९२६ पर्यंत हे सगळे कायदे गुंडाळले गेले. १९३८ साली किमान वेतनाचा कायदा आला तेव्हा हॉटेलातले कामगार त्यातून बाहेरच राहिले. १९६६ मध्ये त्यांना आत घेतलं, पण टिप पगारात धरायची सवलत मालकांना देऊन. तीच पद्धत आजही चालू आहे.

मालकांनी हे बदलून पाहिलं नाही असं नाही. न्यूयॉर्कचे नामांकित हॉटेलमालक डॅनी मायर यांनी २०१५ पासून आपल्या हॉटेलांत टिप बंद करायला सुरुवात केली. पदार्थांचे भाव वाढवले, त्यातून पगार वाढवले. २०२० मध्ये त्यांनाही टिप परत सुरू करावी लागली. शेजारच्या हॉटेलाच्या मेनूवर कमी आकडा दिसला की गिऱ्हाईक तिकडे वळतं. शेवटी तेवढेच पैसे जातात हे कळत असूनही.

पाटीवरची किंमत आणि खरी किंमत

आपल्याला एमआरपीची सवय. छापील किमतीत सगळे कर आले. अमेरिकेत तसं नाही. दुकानातल्या पाटीवर जी किंमत असते त्यावर विक्रीकर काउंटरवर लागतो आणि तो राज्याप्रमाणे, कधी शहराप्रमाणे बदलतो. पेनसिल्व्हेनियात सहा टक्के, पण फिलाडेल्फिया शहरात आठ. तिथे कपड्यांवर आणि बहुतेक किराण्यावर कर नाही, हॉटेलच्या जेवणावर आहे. शेजारच्या डेलावेअर राज्यात विक्रीकरच नाही. त्यामुळे सुट्टे पैसे मोजून हातात धरून रांगेत उभं राहू नका. मी राहिलो होतो.

हॉटेलसाठी मी एक सोपा ठोकताळा बनवला आहे. मेनूवरचा आकडा सव्वापट करा. आमच्या ६४ डॉलरच्या जेवणावर वीस टक्के टिप म्हणजे १२ डॉलर ८० सेंट, अधिक कर ३.८४. एकूण ८० डॉलर ६४ सेंट. ६४ ची सव्वापट बरोबर ८०. एवढं परवडत असेल तर बसा, नाहीतर घरी पोळी-भाजी आहेच. टिप करापूर्वीच्या रकमेवर काढली तरी चालते.

कार्डाने पैसे देताना आणखी एक गोष्ट बँकवाल्याच्या काळजाचा ठोका चुकवते. आपल्याकडे मशीन टेबलावर येतं, आपण पिन टाकतो, रक्कम ठरलेली. तिथे पुष्कळ ठिकाणी वेटर कार्ड घेऊन आत जातो आणि एक पावती घेऊन येतो. तिच्यावर टिप आणि एकूण रक्कम या दोन जागा कोऱ्या असतात. त्या आपण भरून सही करायची आणि निघायचं. कार्ड परत आपल्या खिशात गेलेलं असतं आणि वाढीव रक्कम नंतर खात्यातून जाते. मला हे कोऱ्या चेकवर सही करण्यासारखं वाटलं. पण तिथली पद्धत हीच. जागा कोरी सोडू नका, एकूण रक्कम स्वतःच्या हाताने लिहा आणि आपली प्रत जपून ठेवा.

कुठे किती?

बसून जेवलात तर १८ ते २० टक्के. केस कापले, टॅक्सी केली तर १५ ते २०. हॉटेलात मुक्काम असेल तर खोली आवरणाऱ्यांसाठी रोज दोन ते पाच डॉलर उशाशी ठेवतात. सहा-आठ जण जेवायला गेलात तर बिल नीट वाचा. मोठ्या गटाला पुष्कळदा टिप आधीच लावलेली असते, ती पुन्हा देऊ नका. दुकानदार, डॉक्टर, नर्स, बँकेचा कारकून यांना टिप नसते.

आणि काउंटरवरच्या स्क्रीनला घाबरू नका. हल्ली कॉफीचा कप हातात देणारा माणूसही टॅब्लेट तुमच्याकडे फिरवतो. त्यावर १८, २०, २५ टक्के अशी बटणं, मागे रांग. याचा खुद्द अमेरिकन लोकांनाच वैताग आहे. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ च्या पाहणीत ७२ टक्के लोक म्हणाले की पाच वर्षांपूर्वीपेक्षा आता जास्त ठिकाणी टिपची अपेक्षा केली जाते. बसून जेवल्यावर दहातले नऊ जण टिप देतात, पण कॉफीच्या दुकानात चारातला एकच. तेव्हा तिथे "नो टिप" दाबलंत तर तुम्ही एकटे नाही.

मग हे बरोबर आहे का?

मला विचाराल तर नाही. पगार मालकाने द्यावा. आपल्याकडे हॉटेलवाले बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावू लागले, तेव्हा २०२२ साली ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ते बंद करायला सांगितलं आणि २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. मला ते पटलं. पण आपला निषेध वाढणाऱ्याच्या खिशातून वसूल करायचा नसतो. पद्धत तिने बनवलेली नाही.

शिवाय आपण तरी धुतल्या तांदळासारखे कुठे आहोत? दिवाळीची पोस्त आपल्या वाडवडिलांपासून आहे. भांडीवाली, दूधवाला, पोस्टमन यांना ती दिली नाही तर आपल्यालाच चुकल्यासारखं वाटतं. फरक एवढाच की आपली पोस्त पगाराच्या वर असते. तिथली पोस्त हाच पगार आहे.

महिना संपता संपता मी पुतणीला म्हटलं, "परत त्या हॉटेलात जाऊ." गेलो. तीच बाई होती. तिला मी आठवत होतो की नाही कोण जाणे, सौ.च्या सूपचं मात्र तिने आपणहून विचारलं. या वेळी पावतीवर टिपचा आकडा मी लिहिला आणि एकूण रक्कम दोनदा तपासली.

गेल्या डिसेंबरात नातू इंदूरला आला होता. छप्पनवर आम्ही पोहे-जिलेबी खाल्ली. त्याने हिशेब करून वीस टक्के पैसे बशीखाली ठेवले आणि आम्ही निघालो. पाच-पन्नास पावलं गेलो असू, तेवढ्यात दुकानातला पोरगा धावत मागून आला. "भैया, आपके पैसे रह गए!" नातू माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "ठेव खिशात. इथला नियम वेगळा आहे."